पेशींना हवा थोडा ताप

जंतुनाशक कशासाठी असतं? जंतू मारण्यासाठी. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डमध्ये 1888 च्या सुमारास ह्यूगो शुल्झ हेच तपासत होते. पाव फुगवणाऱ्या यीस्टवर ते निरनिराळी जंतुनाशकं वापरून पाहत. मात्रा भरपूर असली की यीस्ट मरे. त्यात नवल ते काय! पण मात्रा अगदी किंचित ठेवली, की तेच यीस्ट जास्त जोमाने आंबवायला लागे. आपलंच काहीतरी चुकतंय, असं शुल्झना वाटलं. त्यांनी प्रयोग पुन्हा पुन्हा केले. उत्तर बदलेना.

पुढे 1943 मध्ये अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात चेस्टर साउथम आणि जॉन एर्लिक यांनी लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर रेड सीडर या झाडाचा अर्क घालून पाहिला. पुन्हा तोच प्रकार: जास्त अर्काने वाढ खुंटली, थोड्याने वाढली. या प्रकाराला त्यांनी 'हॉर्मेसिस' हे नाव दिलं. नाव मिळालं, पण कोडं तसंच राहिलं. जे मारतं, ते जोम कसं देईल?

उत्तराचा एक सुंदर धागा इटलीत सापडला, तोही अपघाताने. फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. या ग्रंथींमधली गुणसूत्रं चांगली जाडजूड असतात आणि एखादं जनुक कामाला लागलं, की तिथे गुणसूत्राला फुगवटा येतो. एकदा कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं. रितोसांनी पाहिलं, तर फुगवटे भलत्याच, नव्या जागी आले होते! उष्णतेने अळीची सगळीच जनुकं बंद पडली नव्हती. उलट काही खास जनुकं खडबडून जागी झाली होती. 1962 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ही जनुकं कोणती प्रथिनं बनवतात, हे कळायला 1974 साल उजाडलं. त्यांना नाव मिळालं 'हीट शॉक' प्रथिनं.

ती करतात तरी काय? अंडं उकडलं की पातळ पांढरा बलक घट्ट होतो, तो त्यातल्या प्रथिनांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंतल्यामुळे. प्रत्येक प्रथिन ही एक लांब साखळी असते आणि तिची नेमकी घडी पडली तरच ती काम करते. उष्णतेने पेशीतल्या घड्या विस्कटू लागतात. हीट शॉक प्रथिनं अशा विस्कटलेल्या साखळ्यांना धरतात, गुंतू देत नाहीत आणि पुन्हा घडी घालायला मदत करतात.

पण घड्या विस्कटल्याची वर्दी जनुकांना देतं कोण? इथली व्यवस्था पाहून थक्क व्हायला होतं. ही जनुकं चालू करणारं एक वेगळं प्रथिन पेशीत कायम हजर असतं, फक्त हीट शॉक प्रथिनांनी त्याला अडवून ठेवलेलं असतं, घरातल्या मोठ्यांनी हात धरून ठेवलेल्या खोडकर पोरासारखं. पेशीत गोंधळ उडाला की मोठी मंडळी तिकडे धावतात, पोराचा हात सुटतो आणि ते थेट केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतं. नवी मदतनीस प्रथिनं भराभर बनतात. गोंधळ निवळला की ती रिकामी होतात आणि पोराचा हात पुन्हा धरतात. सूचना देणारी, मदत करणारी आणि विराम देणारीही प्रथिनं तीच!

आता खरी गंमत. संकट टळल्यावरही ही जादा प्रथिनं काही काळ पेशीत टिकून राहतात. त्यामुळे आधी सौम्य उष्णता सोसलेली पेशी पुढे अशा तापमानातही तगते, ज्यात बेसावध पेशी मरून जाते. आणि ही युक्ती किती जुनी असावी? आपल्या आतड्यातल्या जिवाणूतलं एक हीट शॉक प्रथिन आणि माणसातलं त्याच कुळातलं प्रथिन आजही साधारण निम्म्याने सारखं आहे.

म्हणजे लाभ विषातून किंवा उष्णतेतून येत नाही. तो येतो पेशीने केलेल्या प्रतिकारातून.

1986 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयावर एक प्रयोग केला. हृदयाच्या एका धमनीतला रक्तप्रवाह 40 मिनिटं थांबवला की स्नायूचा मोठा भाग मरत असे. काही कुत्र्यांमध्ये त्यांनी त्याआधी चार वेळा पाच-पाच मिनिटं प्रवाह थांबवला, दर वेळी मध्ये पाच मिनिटं तो सुरू ठेवला आणि मग तीच 40 मिनिटं. आधीच चार फटके खाल्लेल्या हृदयाचं नुकसान जास्त व्हायला हवं ना? ते झालं जेमतेम पाव! इथली यंत्रणा वेगळी आहे, पण तत्त्व तेच.

व्यायामाचंही असंच. स्नायू राबतात तेव्हा त्यांच्यात ऑक्सिजनची उपद्रवी संयुगं तयार होतात. ती निपटून काढली तर फायदा वाढेल, असं कुणालाही वाटेल. 2009 मध्ये मिखाएल रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. काहींना सोबत ही संयुगं निपटणाऱ्या क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा दिल्या. गोळ्या न घेणाऱ्यांचं शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागलं. गोळ्या घेणाऱ्यांमध्ये ही सुधारणा दिसलीच नाही. उपद्रव पुसला, तसा प्रतिकारही थंडावला.

लोणच्यासाठी फेसलेली मोहरी नाकात जाते, तो झणकाही मुळात झाडाचं शस्त्र आहे. अख्ख्या दाण्यात तो नसतो. दाणा भरडून पाणी घातलं, की वेगवेगळी ठेवलेली दोन द्रव्यं भेटतात आणि तिखट रसायन जन्मतं, कुरतडणाऱ्या किड्यासाठी. मोहरीच्याच कुळातल्या ब्रोकोलीत असंच घडून सल्फोराफेन बनतं. ते पेशीत शिरलं की पेशी त्याला परकं रसायन मानते आणि विषं निकामी करणारी कितीतरी जनुकं एकदम चालू करते.

पण यातून 'थोडं विष चांगलंच' असा अर्थ काढू नका. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही मात्रा आढळलेली नाही. किरणोत्सर्गाच्या अल्प मात्रांबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत नाही. आणि ड्यूकच्या त्या प्रयोगात प्रत्येक फटक्यानंतर रक्त पुन्हा वाहू दिलं होतं, हे विसरू नका. ताण छोटा हवा, थोडा वेळ हवा आणि त्यानंतर सावरायला सवड हवी. तेव्हा दम लागेपर्यंत जिने जरूर चढा, पण रात्रीची झोप मोडू नका. शरीर कमावलं जातं ते या विसाव्यात.