संख्याशिक्षण, प्रारंभिक

प्राथमिक शाळेच्या पहिल्या दोन-तीन इयत्तांत मुलांना मोजणी, संख्यांचे वाचन-लेखन, स्थानिक किंमत आणि बेरीज-वजाबाकी यांचे जे शिक्षण दिले जाते, त्यास प्रारंभिक संख्याशिक्षण म्हणतात. शंभरापर्यंतचे अंक न अडखळता म्हणता येणे आणि संख्येचा बोध होणे या दोन भिन्न गोष्टी असून पहिलीवरून दुसरीकडे जाणे हेच या वर्गांतील मुलांचे मुख्य बौद्धिक कार्य होय.

मोजणी : मूल संख्यानामे प्रथम गाण्याप्रमाणे पाठ म्हणते. पुढे प्रत्येक वस्तूस एकच नाव द्यावयाचे, नावांचा क्रम बदलावयाचा नाही आणि शेवटी उच्चारलेले नाव हीच एकूण संख्या, हे त्यास उमगते. मोजणीची ही तत्त्वे रॉचेल गेलमन व सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मांडली. स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांनी दाखविले, की सोंगट्यांच्या दोन समान ओळींपैकी एक पसरून लांब केली, तर लहान मुले तीत सोंगट्या अधिक आहेत असे सांगतात. मुलांचे उत्तर प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवरही अवलंबून असते, असे नंतरच्या संशोधनात आढळून आले.

संख्यानामे : मराठी मुलापुढे आणखी एक अडचण असते. मराठीत सामान्यतः एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो, लेखनात मात्र दशक आधी येतो. ‘बावन्न’ ऐकून मूल प्रथम २ व मग ५ लिहिते आणि उत्तर २५ होते. शिवाय एकोणतीस, एकोणचाळीस या नावांत पुढच्या दशकातून एक उणा केलेला असतो. नव्व्याण्णव मात्र या रीतीस अपवाद आहे. ‘त्रेसष्ट’सारख्या नावांतील जोडाक्षरेही नवशिक्या वाचकास जड जातात. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात. याउलट कन्नड, तेलुगू या भाषांत दशक आधी येतो. चिनी भाषेत तर एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’ अशी सरळ रचना आहे.

या कारणास्तव बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात पारंपरिक नावांच्या जोडीने ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन दिले. त्यावर मोठा वाद झाला. घरात व बाजारात रूढ नावेच चालतात, असा विरोधकांचा आक्षेप होता. तर नावांच्या गुंतागुंतीमुळे मुलांच्या मनात गणिताची भीती बसू नये, अशी गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर (१९४३–२०२३) यांची भूमिका होती. दोन्ही नावे शेजारी ठेवल्यास रूढ नाव टिकते आणि त्याचा अर्थही उलगडतो.

स्थानिक किंमत : ३४ मधील ३ म्हणजे तीन नव्हे, तीस, हे कळणे ही या टप्प्यातील सर्वांत अवघड पायरी होय. ती न ओलांडलेले मूल ३४ व २८ यांची बेरीज ५१२ अशी लिहिते : चार आणि आठ बारा, तीन आणि दोन पाच. त्याने बेरजा बरोबर केलेल्या असतात. बारा सुट्यांतील दहांचा एक दशक होतो, एवढेच त्यास ठाऊक नसते. अशा वेळी ‘हातचा एक’ हा नियम घोकून घेण्यापेक्षा काड्यांचे दहादहांचे गठ्ठे बांधू देणे अधिक उपयुक्त ठरते. चिंचोके, मण्यांच्या माळा, दहाच्या व एकच्या खेळातील नोटा हीही सुलभ साधने आहेत. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी परिसरातील वस्तूंचा असाच उपयोग केला.

पाठांतर : पंतोजींच्या शाळांत पाढ्यांखेरीज पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी इ. मुखोद्गत करून घेत. व्यवहारी हिशेबास ती उपयोगी पडत. पाठ असलेले पाढे विचारशक्तीवरील भार हलका करतात; म्हणून पाठांतर त्याज्य नाही, मात्र ते बोधानंतर यावे.

मूल्यमापन : राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) तिसरीपर्यंत प्रत्येक मुलास मूलभूत साक्षरता व संख्याज्ञान मिळावे, असे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी केवळ उत्तर चूक की बरोबर हे पाहून भागत नाही. ५१२ हे उत्तर तांबड्या शाईने खोडले, तर मूल स्वतःस मंद समजू लागते. तेच उत्तर कसे आले असे विचारल्यास नेमके काय शिकवावयाचे राहिले, हे शिक्षकास कळते.