लहान महाविद्यालयांचे बास्केटबॉल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या प्रमुख संस्थेच्या सर्वोच्च श्रेणीत, म्हणजे ‘डिव्हिजन वन’मध्ये, पुरुष बास्केटबॉलचे साडेतीनशेहून अधिक संघ असून त्यांपैकी ६८ संघ दर मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात. तेथे एखाद्या लहान महाविद्यालयाने बलाढ्य संघाला हरवले की त्याच्या भरभराटीविषयी अनेक समज पसरतात. जमाखर्च पाहिल्यावर मात्र त्यांतले फारसे काही उरत नाही.

गैरसमज : सर्वोच्च श्रेणीतील प्रत्येक संघ नफ्यात असतो.
वस्तुस्थिती : लहान संघांची तिकीटविक्री तुटपुंजी असल्यामुळे खर्चाचा मोठा भाग महाविद्यालयाचा सर्वसाधारण निधी आणि विद्यार्थ्यांकडून घेतले जाणारे शुल्क यांतून भागवावा लागतो. त्याला जोड म्हणून ‘गॅरंटी गेम’ खेळले जातात, म्हणजे लहान संघ मोठ्या विद्यापीठाच्या मैदानावर जातो, तेथे बहुधा पराभूत होतो आणि त्याबद्दल ठरलेली, अनेकदा हजारो डॉलरांची रक्कम घेऊन परततो.

गैरसमज : राष्ट्रीय स्पर्धेतील विजयाचे पैसे विजेत्या महाविद्यालयालाच मिळतात.
वस्तुस्थिती : अंतिम सामना वगळता संघाने खेळलेल्या प्रत्येक सामन्यामागे एक ‘युनिट’, म्हणजे उत्पन्नातील वाटा, मिळतो, सहा वर्षांत मिळून त्याचे मूल्य सुमारे २० लाख डॉलर होते, परंतु ही रक्कम संघ ज्या ‘कॉन्फरन्स’चा, म्हणजे नियमितपणे परस्परांशी खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटाचा, सदस्य असतो तिच्याकडे जाते. २०२२ मध्ये न्यू जर्सीतील सेंट पीटर्स विद्यापीठाने केंटकी आणि पर्ड्यू या बलाढ्य संघांना हरवून चार सामने खेळले, तेव्हा मिळालेली युनिटे अकरा सदस्यांच्या कॉन्फरन्सच्या खात्यात जमा झाली.

गैरसमज : यशस्वी संघ पुढील हंगामात अधिक बलवान होतो.
वस्तुस्थिती : सेंट पीटर्सचे प्रशिक्षक शाहीन हॉलोवे त्याच वसंतात सीटन हॉल विद्यापीठात गेले आणि प्रमुख खेळाडूही अन्यत्र पांगले, २०२३ मध्ये पर्ड्यूला नमवणाऱ्या फेअरली डिकिन्सनचे प्रशिक्षक टोबिन अँडरसन काही दिवसांतच आयोना विद्यापीठात दाखल झाले. २०२१ पासून खेळाडूला एकदा आणि २०२४ पासून कितीही वेळा, शैक्षणिक अटी पाळून, एक हंगाम बाहेर न बसता महाविद्यालय बदलता येत असल्यामुळे लहान संघाला जवळजवळ दरवर्षी नवी जुळणी करावी लागते. पाच सहायक प्रशिक्षक ठेवण्याची मुभा २०२३ पासून असली, तरी त्यांच्या वेतनाची तरतूद महाविद्यालयानेच करायची असते.

गैरसमज : आता सर्वच खेळाडूंना घसघशीत मानधन मिळते.
वस्तुस्थिती : खेळाडूंच्या मानधनाविषयीच्या २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनुसार सहभागी महाविद्यालयाला २०२५-२६ मध्ये सर्व खेळांतील खेळाडूंना मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येतात, मात्र ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नव्हे. ‘डिव्हिजन थ्री’ या एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये आणि सर्वोच्च श्रेणीतील आयव्ही लीग ही कॉन्फरन्स तर क्रीडा शिष्यवृत्तीच देत नाहीत.

मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्यानंतर काही दिवसांतच पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस विद्यापीठाने डिव्हिजन थ्रीमध्ये जाण्याचा निर्णय जाहीर केला. लहान संघ सर्वोच्च श्रेणीत टिकेल की नाही, हे मैदानावरील विजयापेक्षा महाविद्यालय दरवर्षी किती तूट सोसू शकते यावरच अधिक अवलंबून असते.