लेह : पाण्याच्या पाळीपासून पर्वतीय परिषदेपर्यंत

लेहमध्ये वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला आषाढात एवढा पाऊस कित्येकदा एका दिवसात पडून जातो. उत्तरेला लडाखची पर्वतरांग, दक्षिणेला स्तोकची शिखरं, मधून वाहणारी सिंधू. नकाशा पाहिला तर वाटतं, नदीकाठच्या गावाला पाण्याची काय ददात? पण सिंधू वाहते खोऱ्याच्या तळाशी आणि लेह वसलंय तिच्या उत्तरेला, सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांच्या उतारावर. या उताराला पाणी पाजतो तो खारदुंगकडच्या बर्फातून निघणारा एक ओढा. पेरणीच्या दिवसांत, नेमकी गरज असते तेव्हा, त्याची धार बारीक असते. उन्हाळा चढून बर्फ वितळू लागलं की मगच तो भरून वाहतो.

या ओढ्यावर गांगलेस, सांकर, चांगस्पा, स्कारा अशा वस्त्या आणि त्यांची जवाची शेतं वरून खाली पसरली आहेत. वरच्याने पाणी अडवलं तर खालच्याचं पीक वाळणार, म्हणून लडाखी गावांत पाण्याच्या वाटपासाठी 'चुरपोन' नेमतात. काम आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखंच, पण त्याचा शब्द अधिक वजनदार. 'युरा' म्हणजे पाट कोणाच्या शेताकडे कधी वळवायचा, हे तो ठरवतो. रात्रीचं पाणी 'झिंग' नावाच्या तळ्यात साठवायचं आणि दिवसा सोडायचं, अशी रीत. गावाचा मुखिया 'गोबा'. शिवाय घरांचे 'फसपुन' नावाचे गट असतात. एका गटाचं कुलदैवत एक, आणि जन्म, लग्न, मृत्यू या प्रसंगी गटातली घरं एकमेकांसाठी राबतात. पूर्वी जमीन थोरल्या मुलाकडे जाई आणि भावाभावांत मिळून एकच बायको असे. १९४१ मध्ये अशा विवाहांवर कायद्याने बंदी आली, पण त्या चालीमागचा हिशोब स्पष्ट होता : जमिनीचे तुकडे होऊ नयेत आणि पाण्यावर तोंडं वाढू नयेत. लेहमधल्या स्थानिक स्वराज्याचा इतिहास लिहायला घेतला, तर पहिलं प्रकरण मी चुरपोनवर लिहीन.

शेतीइतकाच या शहराला व्यापाराने आकार दिला. यारकंद, काश्मीर, ल्हासा आणि पंजाबच्या वाटा इथे मिळत. काफिले महिनोन्महिने मुक्काम ठोकत. बाहेरून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी लडाखी स्त्रियांशी लग्नं केली, त्यांच्या वंशजांना 'अर्घोन' म्हणतात. सतराव्या शतकात लडाखचा राजा सेंगे नामग्याल याने बांधलेला नऊ मजली राजवाडा डोंगरावर आहे आणि त्याच्या पायथ्याशी त्याच शतकातली जामा मशीद. १८८५ मध्ये मोरावियन मिशनरी आले. त्यांच्यातल्या फ्रांके यांनी १९०४ मध्ये तिबेटी लिपीत वृत्तपत्र सुरू केलं. जवळच्या चुशोतमध्ये शिया वस्ती मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३०,८७० भरली.

सत्ता मात्र दीर्घकाळ बाहेर राहिली. १८३४ मध्ये जोरावरसिंगच्या स्वारीनंतर लडाख जम्मूच्या डोग्रांकडे गेलं आणि स्वातंत्र्यानंतर जम्मू-काश्मीरचा भाग म्हणून श्रीनगरकडे पाहत बसलं. १९८९ मध्ये श्रीनगरच्या कारभाराविरुद्ध लेहमध्ये आंदोलन पेटलं, गोळीबारात माणसं मेली. त्याच काळात बौद्धांनी मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार टाकला, तो १९९२ पर्यंत चालला. एकाच घरात दोन्ही धर्म नांदत असलेल्या गावांत या बहिष्काराने काय झालं असेल, याची कल्पनाही अस्वस्थ करते. अखेर १९९५ मध्ये लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद स्थापन झाली. तिच्यात ३० सदस्य : २६ निवडून आलेले, ४ नियुक्त. पहिले प्रमुख थुपस्तन छेवांग. जिल्ह्याची विकास योजना, जमिनीचा वापर, पर्यटन असे विषय परिषदेकडे आले. कायदे करण्याचा अधिकार आला नाही आणि पोलीसही आले नाहीत.

दरम्यान शहर पार बदललं होतं. १९७४ मध्ये लडाख पर्यटकांना खुलं झालं. अलीकडे एका वर्षात पाच लाखांवर पर्यटक येऊन गेले. लडाखी घरातलं पारंपरिक शौचालय कोरडं असतं. वर माती टाकायची, खाली तयार झालेलं खत शेतात न्यायचं. पाणी लागत नाही आणि जमिनीचा कसही टिकतो. पाहुण्यांसाठी फ्लश आले, त्यांच्यासाठी बोअरवेल आल्या, आणि सांडपाणी जमिनीत मुरू लागलं. ओढ्याच्या पाण्याची पाळी ठरवता येते, कारण ते सगळ्यांना दिसतं. बोअरवेलचं पाणी ज्याच्या अंगणात, त्याचं. तिथे चुरपोनचं काही चालत नाही, आणि त्याची जागा घेईल अशी तितकीच कडक व्यवस्था शहराला अजून उभारता आलेली नाही. वाढत्या वस्त्या कोरड्या नाल्यांच्या वाटेतही सरकल्या. २०१० च्या ५ ऑगस्टच्या रात्री ढगफुटी झाली तेव्हा चोगलमसरसारख्या ठिकाणी मातीची घरं चिखलासकट वाहून गेली. त्या रात्री या भागात दोनशेहून अधिक माणसं दगावली.

३१ ऑक्टोबर २०१९ ला लडाख केंद्रशासित प्रदेश झालं. लेहमध्ये आनंदोत्सव झाला, पण विधानसभा मिळाली नाही. नायब राज्यपालांचं प्रशासन आणि निवडून आलेली परिषद यांत शेवटचा शब्द कोणाचा, हा प्रश्न पुन्हा वर आला. डिसेंबर २०२४ मध्ये पँगाँग सरोवराकाठी सैन्याने शिवाजी महाराजांचा पुतळा उभारला, तेव्हा आपल्याला अभिमान वाटला. सरोवराजवळच्या चुशुलमधून परिषदेवर निवडून आलेल्या सदस्याने मात्र स्थानिकांना विचारलं नाही अशी तक्रार जाहीरपणे मांडली. ती महाराजांविरुद्ध नव्हती. जिथे पाण्याची पाळीही ठरवून घेतात, तिथल्या माणसाची ती तक्रार होती आणि मराठी माणसाने ती मनापासून ऐकायला हवी.

२४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलन हिंसक झालं आणि चौघांचा जीव गेला. राज्याचा दर्जा, राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीतलं संरक्षण, लेह आणि कारगिलला स्वतंत्र खासदार, या आंदोलकांच्या मागण्या आहेत. २०२० मध्ये निवडलेल्या परिषदेची मुदतही त्याच सुमारास संपली. या मागण्या घेऊन दिल्लीशी बोलणी करतात त्या दोन संघटना : लेहची, जिच्यात बौद्धांचा पुढाकार आहे, आणि कारगिलची, जिच्यात शिया मुसलमानांचा. १९८९ मध्ये ज्यांच्यात बहिष्कार होता, ते आता एकाच मागणीपत्रावर सह्या करतात.