टोचनाचा जमाखर्च

जुन्या मोटारींच्या मेळाव्यात एखाद्या गाडीच्या पुढच्या जाळीवर बसविलेला मीनाकामाचा बिल्ला ज्यांनी निरखून पाहिला असेल, त्यांना मोटार-संघाचे सभासदत्व ही एके काळी केवढ्या प्रतिष्ठेची बाब होती, याची कल्पना सहज येईल. कलकत्त्यास १९०४ साली आणि मुंबईस १९१९ साली अशा संस्था निघाल्या. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन चर्चगेटजवळच्या लालजी नारणजी यांच्या नावाच्या इमारतीत नांदत आली, आणि दिल्ली व मद्रास येथेही तिच्या भगिनीसंस्था उभ्या राहिल्या. मोटार बाळगणारा मनुष्य त्या काळी संस्थानिक, बॅरिस्टर किंवा धनाढ्य व्यापारी यांपैकी कोणीतरी असावयाचा, आणि रस्त्यात गाडी रुसली तर दहा कोसांच्या टापूत तिच्या पोटात काय असते हे जाणणारा एकही इसम भेटण्याची शाश्वती नसावयाची. तेव्हा वर्गणी भरावी की न भरावी, हा प्रश्न त्यास पडतच नसे.

इंग्लंडातील ऑटोमोबाइल असोसिएशनचा जन्म तर याहून खट्याळ हेतूने झाला. वेगमर्यादा मोडणाऱ्यांना पकडण्यासाठी पोलिस झुडपाआड लपत, आणि त्यांची वर्दी सभासदांस आगाऊ मिळावी म्हणून १९०५ साली हा संघ निघाला. अशी वर्दी देणे म्हणजे सरकारी कामात अडथळा होय, असे न्यायालयाने ठरविताच संघाने तोड काढली: सायकलवरचा गस्तवाला बिल्लेवाल्या गाडीस नेहमी सलाम करील, पण पुढे सापळा असेल तर करणार नाही. न केलेल्या सलामाबद्दल कोणत्या कोर्टाने शिक्षा द्यावी!

आमच्या हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात निजामाची पिवळी रोल्स-रॉइस अद्याप उभी आहे. तिला असल्या सभासदत्वाची गरज पडण्याचे कारण नव्हते. ती बंद पडली असती तर ढकलावयास अख्खी पायगा हजर होती. तुमच्याआमच्या गाडीची गोष्ट निराळी. विम्याचे नूतनीकरण आले की एजंट फोनवर हळूच विचारतो, "साहेब, रोडसाइड असिस्टन्स टाकू ना?" आणि त्याच आठवड्यात एखादी खासगी संस्थाही वार्षिक सभासदत्वाचे आमंत्रण धाडते. बॅटरी उतरली तर जंपर लावणे, पंक्चर झाल्यास स्टेपनी चढविणे, किल्ली आत राहिली तर दार उघडणे, इंधन संपले तर चारपाच लिटर आणून देणे, आणि काहीच न साधले तर गाडी उचलून गॅरेजात पोहोचविणे, एवढाच बहुतेकांचा मालमसाला असतो.

या खर्चाचा विचार करू लागण्यापूर्वी माणसाने आपल्या दफ्तरात आधीच काय पडले आहे ते तपासावे, असे माझे मत आहे. कारण एकाच सेवेसाठी तीन ठिकाणी पैसे मोजणारे गृहस्थ मी आमच्या काचीगुड्यातच पाहिले आहेत. गाडी नवी असेल तर पहिली काही वर्षे कंपनीचीच मदत बहुधा किमतीत अंतर्भूत असते. सर्वंकष विम्याच्या दस्तऐवजात एक कलम असे असते की अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीखान्यापर्यंत नेण्याचा वाजवी खर्च १५०० रुपयांपर्यंत मिळेल. मात्र ते अपघातापुरतेच, नुसत्या रुसलेल्या इंजिनास ते लागू नाही, आणि हा भेद पुष्कळांस रस्त्याच्या कडेला उभे राहिल्यावरच कळतो. शिवाय राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक आहे; तो फिरविला असता रुग्णवाहिका, गस्तीची गाडी किंवा क्रेन यांची तजवीज होते. क्रेन गाडीला रहदारीतून बाजूला काढील, पण तुमच्या घरच्या गॅरेजापर्यंत आणून देण्याचा इकरार तिने केलेला नाही.

आणि शहरात तर या सर्वांवर ताण करणारी एक संस्था आहे, तिचे नाव उस्ताद. कुत्बीगुड्याच्या बोळात पत्र्याच्या शेडखाली बसणारा आमचा मिस्त्री गेली बावीस वर्षे माझ्या गाड्यांची नाडी पाहतो आहे. फोन केला की, "हौ साब, आतूं, दस मिनट," असे म्हणतो आणि पाऊण तासाने खरोखरच येतो. स्कूटरच्या हुकाला पान्यांची पिशवी, खांद्यावर टोचनाची दोरी. सामान लागलेच तर पोऱ्याला राणीगंजला पिटाळतो. त्याची वर्गणी नाही, बिल्ला नाही, छापील शर्ती नाहीत. ज्याची गाडी घर, कचेरी आणि फार तर शमशाबादचे विमानतळ यांपलीकडे जात नाही, त्याने निराळे सभासदत्व विकत घेणे मला उधळपट्टी वाटते.

परंतु उस्तादाची हद्द आउटर रिंग रोडपाशी, म्हणजे ओआरआरपाशी, संपते. १५८ किलोमीटरांचा तो वर्तुळाकार रस्ता ओलांडून पटनचेरूच्या पुढे आपण सोलापूरच्या वाटेस लागलो की हिशेबच पालटतो. संगारेड्डी, जहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग अशी ही सुमारे ३०० किलोमीटरांची वाट तीन राज्यांतून जाते, आणि हैदराबादेतील मराठी कुटुंबांच्या दिवाळीच्या व लग्नसराईच्या वाऱ्या याच वाटेने चालतात. चार वर्षांमागे जहीराबाद मागे टाकल्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या गाडीची क्लच प्लेट गेली. गाडीत मी, पत्नी आणि ऐंशी वर्षांची आई. माझ्यापाशी एका संस्थेचे सभासदत्व होते. फोनवरील मुलगी अत्यंत विनयशील होती, पण ती दूरच्या कुठल्याशा शहरात बसली होती, आणि जवळची खूण सांगा, हा तिचा आग्रह कायम होता. खूण म्हणजे दोन्ही बाजूंस तुरीचे शेत आणि अंधार! अखेर टॉर्च घेऊन चालत गेलो, पिवळ्या माथ्याचा मैलाचा दगड शोधला आणि त्यावरचा आकडा वाचून दाखविला. गाडी उचलणारा ट्रक पावणेबारास आला. चालक तेलुगू बोलणारा, हेल्पर कानडी, मी मराठी; तिघांचे जमले ते दखनीत. मग पावती पुढे आली: मोफत अंतर ५० किलोमीटर, त्यापुढे दर किलोमीटरामागे आकार. परतीचा मार्ग शंभरावर होता.

त्या रात्रीचा जमाखर्च मी नंतर मांडून पाहिला. समजा, वर्गणी सालभरास १५०० रुपये. दहा वर्षांचे झाले १५,०००. एवढ्या मुदतीत गाडी एकदाच बंद पडली आणि खासगी ट्रकास ६००० मोजावे लागले, तर रोकड हिशेबाने वर्गणी तोट्याचीच ठरते. पण आई मागच्या आसनावर शाल पांघरून बसली होती, आणि "येतोय ना रे कोणी?" या तिच्या प्रश्नास मला तीनही वेळा "येतोय, आई," असे खात्रीने सांगता आले, त्याची रक्कम कोणत्या रकान्यात घालावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. म्हणून मी आता एवढेच पाहतो की वर्षातून किती वेळा ओआरआर ओलांडावयाचे आहे आणि गाडीत कोण असणार आहे. दोनतीनदा जाणे निश्चित असेल तर विम्यासोबतची जोडसेवा घेतो, कारण ती स्वतंत्र सभासदत्वाहून बहुधा स्वस्त पडते. मात्र घेण्यापूर्वी मोफत टोचनाचे अंतर किती, वर्षात किती वेळा बोलाविता येईल आणि तीनही राज्यांत ती चालते काय, ही तीन उत्तरे एजंटाकडून लेखी मागतो. तोंडी उत्तर देताना एजंट फार उदार असतात.

ज्यांना स्वतःची मोटार घेऊन परदेशी जावयाचे आहे, त्यांची गोष्ट वेगळी. सीमेवर लागणारे कार्ने नावाचे दस्तऐवज मुंबईची ती जुनी संस्थाच देत आली आहे, आणि तेथे विमा कंपनीचा किंवा उस्तादाचा इलाज चालत नाही. परदेशात चालविण्याचा परवाना मात्र आपल्या आरटीओतून मिळतो.

गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी दिली तेव्हा डॅशबोर्डाच्या कप्प्याच्या झाकणाआड मी चिकटविलेला कागद उस्तादाच्या दृष्टीस पडला. त्यावर वर १०३३, मधे विम्याचा मदत-क्रमांक आणि खाली त्याचा स्वतःचा. त्याने तो कागद बराच वेळ न्याहाळला, हात पुसले, आणि माझ्या खिशातले पेन मागून घेऊन आपला क्रमांक सर्वांत वर पुन्हा एकदा लिहिला.