सफरचंदाचा रस आणि ट्रकचा जॅक

ट्रकचं चाक बदलताना खाली लावतात तो बाटलीच्या आकाराचा हायड्रॉलिक जॅक, पश्चिम इंग्लंडात ऑक्टोबर उजाडला की भलत्याच कामाला जुंपला जातो. सॉमरसेट, डेव्हन, हेरफर्डशायर हे तिथले सफरचंदांचे परगणे. घरामागच्या शेडमध्ये एक दणकट चौकट उभी असते. तिच्यात कापडात गुंडाळलेल्या सफरचंदाच्या लगद्याचे थर एकावर एक रचलेले, त्यांच्यावर जाड फळी, फळीवर जॅक आणि जॅकच्या डोक्याशी चौकटीची आडवी तुळई. दांडा वरखाली केला की जॅक तुळईला रेटतो. तुळई काही हलत नाही, म्हणून फळी खाली सरकते आणि तळाच्या परातीतून तपकिरी रस बादलीत पडू लागतो. अशा प्रेस विकतही मिळतात. पण अंगणात चार-सहा झाडं असलेला आणि हातात वेल्डिंग किंवा सुतारकाम असलेला माणूस विकतच्या प्रेसची किंमत ऐकतो आणि भंगारवाल्याकडे जातो.

पहिल्यांदाच प्रेस बांधणाऱ्याच्या डोक्यात फक्त दाब असतो. सहा टनांचा जॅक पुरेल की बारा टनांचा घ्यावा, इथूनच त्याची सुरुवात होते. माझ्या मते तो चुकीच्या टोकाला सुरुवात करतो. द्राक्ष पायाखालीही फुटतं, सफरचंद फुटत नाही. त्याचा रस टणक गराच्या पेशींत कोंडलेला असतो. अख्खी फळं प्रेसमध्ये घालून कितीही दांडा मारा, फळं चेपतील, तडकतील, रस मात्र जेमतेम निघेल. म्हणून या धंद्यात यंत्रं नेहमी दोन लागली आहेत, एक भरडणारं आणि एक पिळणारं. त्यातलं भरडणारं यंत्र जास्त महत्त्वाचं.

जुन्या शेतांवर भरडण्यासाठी दगडी घाणी असे. गोल दगडी चर, त्यात उभं फिरणारं दगडी चाक आणि ते ओढत फेऱ्या मारणारा घोडा. आपल्याकडच्या चुन्याच्या घाणीत बैलाच्या जागी घोडा कल्पिला की चित्र पुरं होतं. हे काम सावकाश चालायचं आणि घाणीला जागाही फार लागायची. जॉन वर्लिज या इंग्रज लेखकाने 1676 सालच्या आपल्या ‘विनेटम ब्रिटानिकम’ या पुस्तकात हाताने फिरवायच्या रुळांच्या यंत्राचा पुरस्कार केला आणि त्याला ‘इंजेनिओ’ असं ऐटदार नाव दिलं. पुढे दातेरी रुळांचे ‘स्क्रॅटर’ आले. सफरचंद ओरबाडून त्याचा भरड किस पाडणं हे त्यांचं काम.

घरगुती स्क्रॅटर हा जुगाडाचा खरा आखाडा आहे. बीच किंवा ओकच्या लाकडाचा ओंडका लेथवर गोल करून घ्यायचा, त्यावर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू तिरप्या रांगांत बसवायचे, प्रत्येकाचं डोकं काही मिलिमीटर बाहेर ठेवायचं आणि ओंडका पेटीत बसवून जुन्या धुलाई यंत्राच्या मोटरीवर फिरवायचा. कुणी स्वयंपाकघरातल्या सिंकखाली खरकटं दळणारं यंत्र असतं ते नवं कोरं आणून त्यात फोडी घालतात. ते काम झकास करतं, पण सलग चालवलं की तापतं आणि बंद पडतं; त्याला थोड्या खरकट्याची सवय, पोत्यांची नाही. कुणी बागेतला पालापाचोळा कातरणारा श्रेडर जुंपतो. यातलं काहीच नसेल तर मजबूत बादली आणि जड सोटा. सोट्याने चेचताना पहिली बादली मजेत जाते, तिसऱ्या बादलीला शेजाऱ्याची मोटर आठवते.

भरड किती बारीक असावी यावरच सगळं अडतं. फार जाड राहिली तर रस आतच राहतो. फार बारीक झाली तर लापशी होते, कापडाची छिद्रं बुजतात आणि दाब वाढला की लगदा कडेने उसळून अंगावर येतो. साधारण चार-पाच मिलिमीटरचे तुकडे चांगले. त्यातही नुकतं तोडलेलं कडक फळ स्वच्छ भरडलं जातं आणि महिनाभर पडून मऊ झालेल्याचा चिखल होतो.

मग थर लावायचे. चौकटीत चौकोनी साचा ठेवून त्यावर कापड पसरायचं, चार-पाच सेंटिमीटर लगदा भरायचा, कापडाची टोकं पाकिटासारखी दुमडायची, साचा उचलायचा, वर लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. या रचलेल्या ढिगाला तिथे ‘चीज’ म्हणतात. कापडाच्या आधी हे काम गव्हाचा पेंढा करायचा, नंतर घोड्याच्या केसांची कापडं आली. आता घरगुती मंडळी खिडकीचे जाळीदार टेरिलिनचे पडदे कापून वापरतात. ढिगाला आवळायचं काहीतरी हवं आणि रसाला बाहेर पडायला वाटही हवी, हा पेच फक्त सफरचंदवाल्यांचा नाही. गोव्यात फेणीसाठी काजूची बोंडं खडकात कोरलेल्या कुंडीत तुडवतात, उरलेल्या चोथ्याचा ढीग करून त्याभोवती रानवेल गुंडाळतात आणि वर जड धोंडा ठेवतात. त्यातून झिरपतो तो निरो.

आता जॅक. थरांचा चौकोन चाळीस सेंटिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ 1600 चौरस सेंटिमीटर भरतं. दहा टनांचा जॅक त्यावर दर चौरस सेंटिमीटरला सव्वासहा किलोचा दाब देतो, आणि घरच्या कामाला तो भरपूर झाला. हौसेने चौकोन सत्तर सेंटिमीटरचा केला तर त्याच जॅकचा दाब दोन किलोवर उतरतो. म्हणून मोठा जॅक घेण्याआधी चौकोन लहान करावा. थर पातळ असले की रसाला थोडंच अंतर कापायचं असतं, जाड थरात मधला रस अडकून बसतो. घाईने दांडा मारणाऱ्याचं कापड फाटतं. चार हात मारायचे, धार मंदावेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा चार हात. असं केलं की दहा किलो सफरचंदांतून साधारण सहा-साडेसहा लिटर रस हाती येतो.

चौकटीत हलगर्जी मात्र नको. दहा टन जोर तुळईच्या नेमक्या मध्यावर येतो आणि तुळई तुटली तर ती रस बघत थांबलेल्या माणसांच्या तोंडासमोर तुटते. तीच तुळई सपाट न ठेवता उभ्या कडेवर बसवली तर कितीतरी जास्त भार पेलते, कारण रुंदी तीच राहून उंची दुप्पट झाली की ताकद चौपट होते. लोखंडी चॅनेल मिळाला तर लाकडाच्या नादी लागूच नये.

पण त्या लोखंडाला रस लागता कामा नये. सफरचंदाचा रस आंबट असतो. लोखंड त्यात उतरतं आणि फळातल्या टॅनिनशी मिळून रस काळवंडतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादल्या आणि तांब्याची भांडीही बाद. उरलं स्टेनलेस स्टील, खाण्याच्या दर्जाचं प्लॅस्टिक आणि ओक, बीच यांसारखं कठीण लाकूड. जॅकमधलं तेलही गळू शकतं, म्हणून त्याच्याखाली बशी हवी. ही सोवळ्याची हौस नव्हे. अठराव्या शतकात डेव्हनमध्ये पोटशुळाची साथ दर हंगामात यायची, सोबत हातापायांचा लकवा. मूळचा डेव्हनचाच असलेल्या जॉर्ज बेकर या डॉक्टराने 1767 साली दाखवलं की तिथल्या सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसात, शिसं आहे, हेरफर्डशायरच्या सायडरमध्ये नाही. डेव्हनच्या घाण्यांत आणि प्रेसमध्ये सांधे बुजवायला, अस्तराला शिसं वापरत असत. आपल्या परगण्याची बदनामी केली म्हणून बेकरवरच लोक उखडले. शिसं हटलं तसा रोगही ओसरला.

सरकारचा डोळाही या शेडवर जुनाच. 1763 साली सायडरच्या दर पिंपामागे चार शिलिंग कर बसला आणि तो वसूल करायला अबकारी शिपायांना खाजगी घरांत शिरायची मुभा मिळाली. त्यावरून एवढा गदारोळ झाला की 1766 साली कर मागे घ्यावा लागला. शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग सायडरच्या रूपात द्यायची रीतही होती, ती 1887 च्या कायद्याने बेकायदा ठरली. 1976 साली कर परतला तेव्हा वर्षाला 70 हेक्टोलिटर, म्हणजे 7000 लिटरपर्यंत सायडर करणाऱ्या लहान उत्पादकांना सूट मिळाली. पडद्याचं कापड आणि ट्रकचा जॅक यांवर चालणारे पुष्कळ छोटे धंदे या सवलतीच्या आडोशाला वाढले.

रस ताजा प्यायचा असेल तर जमिनीवर पडलेली फळं नकोत. 1996 साली अमेरिकेत न तापवलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलाय जिवाणू पसरले, पुष्कळ लोक आजारी पडले आणि एक लहान मूल दगावलं. रसाच्या बाटल्या गरम पाण्यात ठेवून साधारण 75 अंशांवर वीसेक मिनिटं तापवल्या की रस टिकतो. सायडरला हा खटाटोप लागत नाही. सालीवरचं आणि प्रेसवरचं यीस्ट काही दिवसांत आपणहून कामाला लागतं. मात्र चांगल्या सायडरसाठी डॅबिनेट किंवा किंग्स्टन ब्लॅकसारखी टॅनिनवाली कडवट जात हवी. ती नुसती चावली तर तोंड वाकडं होतं आणि बाजारातल्या गोड सफरचंदाचं सायडर तिच्यापुढे मिळमिळीत लागतं.

‘कॉमन ग्राउंड’ या संस्थेने 21 ऑक्टोबर 1990 रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पहिला ‘ॲपल डे’ भरवला. तेव्हापासून घरच्या प्रेस शेडमधून बाहेर पडून गावाच्या सभागृहापुढे येऊ लागल्या. शेजारीपाजारी पोती घेऊन येतात, भरडायला आणि दांडा मारायला मुलांची रांग लागते, रस ज्याचा त्याचा. धुवायच्या वेळेला मात्र माणसं पांगतात. कापडं, जाळ्या, स्क्रॅटरचा ओंडका त्याच संध्याकाळी धुवायलाच हवा, नाहीतर रात्रीत चिलटं जमतात आणि पुढच्या खेपेच्या रसाला व्हिनेगरचा वास येतो. चोथा डुकरं पाळणाऱ्याने न्यायचा असतो, तो पोती घेऊन सगळ्यात शेवटी येतो.