आधी ठरलेले, आता ठरणारे

इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमात कलाकार लॅपटॉपमागे उभा असतो आणि त्याची बोटे नेमके काय करत आहेत हे समोरच्याला कळत नाही. सतार छेडली की तार हलताना दिसते. लॅपटॉपची कळ दाबल्यावर एकच सूर निघाला की तासाभराची तयार फाइल सुरू झाली, हे मात्र नुसते बघून ओळखता येत नाही. संगणकावरच्या संगीताला जिवंत सादरीकरण म्हणावे की नाही, हा वाद या न दिसण्यातून पेटला; पण त्याचे मूळ संगणकापेक्षा जुने आहे.

पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर यांनी ऑक्टोबर १९४८ मध्ये आगगाड्या, भांडी अशा रोजच्या आवाजांच्या मुद्रणांतून घडवलेल्या रचना प्रसारित केल्या. १८ मार्च १९५० रोजी त्याच शहरात या संगीताची पहिली जाहीर मैफल झाली. गायक-वादकांच्या जागी ध्वनिक्षेपक आले ते तेव्हापासून. १९५६ साली कोलोनमध्ये कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांची ‘गेझांग डेर युंगलिंगे’ ही रचना सादर झाली. एका मुलाचा आवाज आणि विद्युतनिर्मित स्वर यांची ती गुंफण पाच ध्वनिक्षेपक-समूहांतून श्रोत्यांभोवती फिरत होती. सगळे काही फितीवर आधीच पक्के झालेले होते आणि संगीतकाराने ते लपवलेही नव्हते. पुढे १९७४ साली फ्रान्स्वा बेल यांनी पॅरिसमध्ये ‘अकूसमोनियम’ उभारले. लहानमोठ्या अनेक ध्वनिक्षेपकांचा हा वाद्यवृंद. संगीतकार मिक्सरपाशी बसतो आणि कोणता आवाज सभागृहाच्या कोणत्या कोपऱ्यातून, किती जोराने यावा एवढेच त्या क्षणी ठरवतो. चित्रपटगृहात नट हजर नसतात म्हणून प्रेक्षक तक्रार करत नाहीत. तसेच या परंपरेचेही आहे. तिने स्वतःला जिवंत म्हणवून घेण्याचा हट्ट धरला नाही, आणि त्याने तिची उंची जराही कमी होत नाही.

त्याच काळात दुसरी वाटही निघाली. जॉन केज यांनी १९३९ सालीच वेग बदलता येणाऱ्या ग्रामोफोनवर चाचणीच्या तबकड्या वाजवून ग्रामोफोनला वाद्याचा दर्जा दिला होता. १९६० च्या ‘कार्ट्रिज म्युझिक’मध्ये ग्रामोफोनच्या सुईच्या जागी तारा, काड्या असल्या वस्तू खोचून त्यांचे घर्षण मोठ्या आवाजात ऐकवले गेले. स्टॉकहाउझेन यांच्या ‘मिक्रोफोनी १’ (१९६४) मध्ये सहा वादक आहेत. दोघे एका प्रचंड घंटाथाळीवर निरनिराळ्या वस्तूंनी आवाज काढतात, दोघे हातातला मायक्रोफोन तिच्या पृष्ठभागाजवळ फिरवतात आणि उरलेले दोघे त्या आवाजांचा पोत फिल्टरने बदलतात. येथे विद्युत यंत्रणा आहे, पण फीत नाही. केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर हे या पद्धतीचे मोठे कलावंत. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारण्यासाठी तेच आले होते.

संगणक या वाटेवर बराच उशिरा आला, आणि त्याचे कारण निव्वळ तांत्रिक होते. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली बेल प्रयोगशाळेत ‘म्युझिक १’ ही आज्ञावली लिहिली. आयबीएम ७०४ यंत्रावर तिच्या साहाय्याने निघालेली पहिली रचना अवघ्या १७ सेकंदांची होती. ध्वनीची लाट संख्यांत मांडायची तर प्रत्येक सेकंदाला हजारो संख्या लागतात, आणि त्या वेळचे यंत्र तितक्या झपाट्याने हिशेब करू शकत नव्हते. संख्या आधी चुंबकीय फितीवर साठवायच्या, फीत न्यूयॉर्कहून न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत न्यायची, तेव्हा कुठे आवाज ऐकू येई. ज्या यंत्राला सूर काढायला सुरापेक्षा जास्त वेळ लागतो त्यावर वादन होऊच शकत नाही. मॅथ्यूज यांनाही ही उणीव बोचत होती. १९७० च्या सुमारास त्यांनी ‘ग्रूव्ह’ ही प्रणाली उभी केली. तीत संगणक स्वतः आवाज घडवत नसे. तो बाहेरच्या सिंथेसायझरला हुकूम देई, आणि माणूस मुठी फिरवून व कळा दाबून ते हुकूम तिथल्या तिथे बदलू शके.

स्वस्त लघुसंगणक आल्यावर चित्र पालटले. १९७८ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या जिम हॉर्टन, जॉन बिशॉफ आणि रिच गोल्ड यांनी ‘लीग ऑफ ऑटोमॅटिक म्युझिक कंपोझर्स’ हा गट काढला. प्रत्येकाच्या केआयएम-१ संगणकावर वेगळी आज्ञावली चाले, यंत्रे तारांनी एकमेकांना जोडलेली असत, आणि एकाने काढलेल्या स्वरांची माहिती दुसऱ्याच्या यंत्रात जाऊन त्याचे वागणे बदले. पुढच्या क्षणी काय ऐकू येईल हे यंत्रे जोडणाऱ्यांनाही सांगता येत नसे. ट्रॉम्बोनवादक जॉर्ज लुइस यांनी १९८६ ते १९८८ या काळात आम्स्टरडॅमच्या स्टाइम केंद्रात ‘व्हॉयेजर’ ही आज्ञावली घडवली. ती वादकाचे वादन ऐकते, त्याला प्रतिसाद देते आणि मनात येईल तेव्हा त्याच्याकडे दुर्लक्ष करून स्वतःचेही काही वाजवते. लुइस तिला साथीदार नव्हे, तर बरोबरीची वादक मानतात.

पॅरिसच्या इरकाम संस्थेत हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला गेला. पिएर बुलेझ यांच्या ‘रेपाँ’मध्ये (१९८१) वाद्यवृंद मध्यभागी बसतो, सहा एकल वादक श्रोत्यांच्या भोवती असतात, आणि त्या सहांचा आवाज ४-एक्स हा संगणक वाजता वाजता पालटत जातो. फितीबरोबर वाजवणाऱ्या वादकाची मोठी अडचण अशी, की फीत थांबत नाही. सूर लांबवावासा वाटला तरी त्याला पुढे सरकावेच लागते. मिलर पकेट आणि संगीतकार फिलिप मानुरी यांनी हे नाते उलटवले. मानुरी यांच्या ‘प्लुतों’मध्ये (१९८८) संगणक पियानोवादकाचा माग काढतो आणि त्याच्या लयीने चालतो. त्यासाठी पकेट यांनी वापरलेल्या आज्ञावलीला मॅथ्यूज यांच्या सन्मानार्थ ‘मॅक्स’ हे नाव मिळाले, आणि ती आजही जगभर वापरात आहे.

या सगळ्यात हाताला जाणवणारा उशीर महत्त्वाचा. सर्वसाधारण डिजिटल ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. संगणक २५६ नमुन्यांचा गठ्ठा एका वेळी हाताळत असेल, तर त्या गठ्ठ्यापुरता सुमारे ६ मिलिसेकंदांचा उशीर होतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम दोन मीटर जातो. मोठ्या वाद्यवृंदाच्या दोन टोकांच्या वादकांत याहून अधिक अंतर असते. तेव्हा संगणक वाद्य म्हणून मंद आहे, ही तक्रार आता उरलेली नाही.

आजच्या वादाचे केंद्र मात्र बर्लिनमध्ये आहे. गेरहार्ड बेलेस आणि रॉबर्ट हेन्के हे ‘मोनोलेक’ या नावाने संगीत करत. त्यांच्या मंचावरच्या गरजांतून ‘एबलटन लाइव्ह’ ही प्रणाली आकाराला आली आणि २००१ साली बाजारात आली. तिच्या पडद्यावर चौकटींची जाळी असते. प्रत्येक चौकटीत आवाजाचा एक तुकडा. कोणताही तुकडा केव्हाही सुरू करता येतो, पण प्रणाली तो सहसा पुढच्या आवर्तनाच्या आरंभापर्यंत रोखून धरते आणि सगळ्या तुकड्यांची लय परस्परांशी जुळवून घेते. लयीत चूक होण्याची शक्यताच मग जवळजवळ संपते. ख्याल किंवा तबला ऐकणाऱ्याच्या लेखी हा फार मोठा बदल आहे. समेवर येण्याची सारी उत्कंठा तिथे पोहोचता न येण्याच्या शक्यतेवर उभी असते. यंत्राने हमी दिलेल्या समेत ती राहत नाही. पण दुसरा निर्णय माणसाकडेच राहतो. पुढे काय आणावे, किती वेळ ताणावे, काय काढून घ्यावे, हे तो ठरवतो.

कलाकार वाद्यापासून पाच मिनिटे दूर झाला तर ऐकू येणाऱ्यात काय बदलेल, ही कसोटी येथे उपयोगी पडते. काहीच बदलणार नसेल, तर ते ध्वनिमुद्रण आहे, वाजवणारा कितीही नाचला तरी. सगळे थांबणार असेल किंवा भरकटणार असेल, तर ते वादन आहे, मग साधन संगणक का असेना. यंत्राची नुसती उपस्थिती यात काही ठरवत नाही. हिंदुस्थानी मैफलीत इलेक्ट्रॉनिक तानपुरा गायकाच्या शेजारी तासन्‌तास एकटाच वाजत असतो, तरी त्यामुळे गाणे जिवंत नाही असे कोणी म्हणत नाही. कारण राग उलगडण्याचा एकही निर्णय तानपुऱ्याकडे नसतो.

मोठ्या महोत्सवांत या कसोटीचा कस लागतो. कॅनडाचे निर्माते डेडमाउस यांनी जून २०१२ मध्ये जाहीरपणे लिहिले, की त्यांच्या पातळीवरचे सगळेच कलाकार मंचावर जाऊन सुरू करण्याची कळ दाबतात. त्यावरून मोठे वादळ उठले. नुसती कळ दाबण्यामागे निव्वळ आळस नाही. प्रकाशयोजना, प्रचंड पडद्यावरची चित्रे आणि आतषबाजी संगीताच्या क्षणाक्षणाशी बांधायची असेल, तर संगीताला आधीच पक्के व्हावे लागते. गोव्यात २००७ साली सुरू होऊन २०१६ साली पुण्यात भरलेला सनबर्न महोत्सव अशाच मोठ्या मंचांच्या संस्कृतीतला. गोव्याच्या किनाऱ्यावरची त्याआधीची रीत निराळी होती. हणजूणच्या रात्रींत कॅसेट आणि नंतर डिजिटल फिती वाजत, कारण तबकड्या उन्हाने वाकत. डिजिटल फितीच्या यंत्रावर लय मागेपुढे करण्याची सोय नसे. गोवा गिल यांच्यासारखे डीजे एका रचनेमागून दुसरी लावत रात्र पहाटेपर्यंत नेत. तिथे आवाज सगळा आधीचा होता. जिवंत होती ती निवड, आणि ती गर्दीकडे बघून केलेली असे.

मुंबईच्या चरणजितसिंग यांचे उदाहरण ध्वनिमुद्रण आणि वादन या दोहोंच्या मधले आहे. चित्रपटसंगीतात वादक म्हणून वावरलेल्या सिंग यांनी १९८२ साली रोलंडच्या टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांवर ठेका आणि खर्जाची साखळी आधी बसवून दिली व ज्युपिटर-८ या सिंथेसायझरवर दहा राग हाताने वाजवले. तो ध्वनिमुद्रिका-संच तेव्हा फारसा कोणी ऐकला नाही. २०१० साली तो पुन्हा प्रकाशित झाल्यावर मात्र सिंग उतारवयात युरोपच्या मंचांवर पोहोचले. त्यांच्या वादनात यंत्राचे आणि हाताचे काम स्वच्छ वेगळे ऐकू येते, आणि डिस्कोच्या ठेक्यावरही रागाची चाल हाताच्याच ताब्यात राहते.

न दिसण्याच्या अडचणीवर सर्वांत धाडसी उपाय आज्ञावली मंचावरच लिहिणाऱ्यांनी काढला. २००४ साली हॅम्बुर्गमध्ये स्थापन झालेल्या ‘टॉपलॅप’ गटाच्या जाहीरनाम्याने कलाकाराचा पडदा श्रोत्यांना दाखवलाच पाहिजे अशी मागणी केली. ॲलेक्स मॅक्लीन यांच्या ‘टायडलसायकल्स’सारख्या भाषांत कलाकार ओळ लिहितो, ती चालू होते आणि ठेका बदलतो, चूक झाली तर तीही सगळ्यांसमोर. श्रोत्याला ती भाषा यावी लागत नाही, जशी गिटार पाहताना वाजवता यावी लागत नाही, असे हा गट मानतो. २०१२ पासून अशा सादरीकरणांवर नाचण्याचे ‘अल्गोरेव्ह’ कार्यक्रमही होऊ लागले. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या लॅपटॉप वाद्यवृंदाने (२००५) वेगळा मार्ग धरला. डॅन ट्रूमन आणि पेरी कुक यांनी प्रत्येक वादकाजवळ अर्धगोलाकार ध्वनिक्षेपक ठेवला, म्हणजे प्रत्येकाचा आवाज व्हायोलिनसारखा त्याच्याच जागेवरून येतो. सभागृहाच्या दोन टोकांच्या भोंग्यांतून सगळ्यांचा आवाज एकत्र मिसळून आला, की कोण काय वाजवतो हे कानालाही समजत नाही. हा दोष त्यांनी अचूक हेरला.

या प्रश्नाचे उत्तर कायद्यालाही द्यावे लागले, कारण त्यात कर गुंतलेला आहे. शिकागो शहर ज्यात येते त्या कुक परगण्यात, २०१६ साली लहान सभागृहांना असलेली करमाफी डीजेंच्या कार्यक्रमांना लागू होते का, यावर तंटा झाला आणि अखेर नियम बदलावा लागला. जर्मनीत मैफलींवर १९ ऐवजी ७ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. २०२० साली तिथल्या संघराज्य वित्त न्यायालयाने टेक्नो आणि हाउस संगीताच्या रात्रींनाही मैफल मानता येते असा निर्णय दिला. डीजे दुसऱ्यांच्या ध्वनिमुद्रिका नुसत्या वाजवत नाहीत; तबकडीयंत्र, मिक्सर यांचा वाद्यासारखा उपयोग करून नवे संगीत उभे करतात, असा न्यायालयाचा विचार होता.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली सादरीकरणाची सध्याची व्याख्या आली. एका किंवा अनेक कलाकारांनी प्रत्यक्ष केलेले दृश्य वा श्राव्य सादरीकरण, असा तिचा आशय आहे. कलाकारांच्या यादीत गायक, वादक आणि नर्तकांबरोबर डोंबारी, जादूगार, गारुडी आणि व्याख्यातेही आहेत. शिवाय सादरीकरण करणारी अन्य कोणीही व्यक्ती त्यात मोडते. साधन कोणते असावे यावर कायद्याने अट घातलेली नाही. त्यामुळे पडद्यावर ओळी लिहीत ठेका बदलणारा कलाकार या व्याख्येत बसू शकतो आणि त्याला पन्नास वर्षांच्या कलाकार-हक्काचा दावा करता येतो. तयार फाइल सुरू करून देणाऱ्याचा दावा मात्र या व्याख्येपाशी अडतो. त्या फाइलवर ध्वनिमुद्रण म्हणून निर्मात्याचा वेगळा हक्क कायद्याने आधीच मान्य केलेला आहे.