ग्रामीण इंधनासाठी स्थानिक व लागवडीच्या वृक्षप्रजाती : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना :
२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर खेडोपाडी गॅस पोहोचला. तथापि चूल विझलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये ग्रामीण भारतातील सुमारे ४३ टक्के कुटुंबेच स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरत होती. त्यामुळे गावाच्या परिसरात कोणते झाड असावे, हा प्रश्न आजही सरपण गोळा करणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागाच्या संदर्भात या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

इंधनमूल्याचे निकष :
पूर्ण वाळलेल्या लाकडाचे उष्मांकमूल्य बहुतेक प्रजातींत किलोमागे ४५०० ते ५००० किलोकॅलरी एवढेच असते. म्हणजे केवळ उष्मांकावरून प्रजातींची प्रतवारी होऊ शकत नाही. खरा फरक घनता, ओलावा व राख यांमुळे पडतो. ओल्या लाकडात निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा २० किलोच्या मोळीत १० किलो पाणीच वाहून आणले जाते आणि ते उडवण्यात उष्णता खर्ची पडून धूर वाढतो. घनतेचे महत्त्व मात्र मोळीत नसून चुलीत आहे. घन लाकूड सावकाश जळते व त्याचे निखारे टिकतात.

स्थानिक प्रजाती :
बाभूळ ही या भागातील सरपणाची प्रमुख प्रजाती होय. तिचे वाळलेले लाकूड घनमीटरला सुमारे ७०० ते ८०० किलो भरते. डोंगरउतारावरील धावडा त्याहूनही जड असतो. भाकरी फुगवण्यासाठी निखारा लागतो, तो या लाकडातून मिळतो. शिवाय बाभळीच्या शेंगा शेळ्यांना, खोड औतांना व काटेरी फांद्या कुंपणाला उपयोगी पडतात. मर्यादा अशी की, बाभूळ तोडल्यावर बुंध्यातून जोमाने फुटत नाही, तर धावड्याची वाढ मंद असते.

लागवडीच्या प्रजाती :
१९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. १९८२ मध्ये महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापन झाला. तत्पूर्वी, १९७० च्या दशकात, मणिभाई देसाई यांच्या बाएफ संस्थेने सुबाभळीचा प्रसार केला होता. मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झाड छाटल्यावर लवकर फुटते आणि काही वर्षांतच पुन्हा सरपण देते. त्याचे कोवळे लाकूड मात्र हलके असून लवकर जळून जाते. निलगिरीचा पाला जनावरे खात नाहीत, म्हणून राखणीचा खर्च वाचतो; परंतु तिच्या सरळ खोडाला कागद कारखाने व बांधकाम यांची मागणी असल्याने ते चुलीपर्यंत क्वचितच येते. वेडी बाभूळ इंधन म्हणून उत्तम असली, तरी ती पडीक जमिनीवर झपाट्याने पसरून गवत हटवते.

तुलनात्मक विवेचन :
वरील विवेचनावरून दिसते की, एका तोडीतील लाकडाच्या गुणवत्तेत स्थानिक प्रजाती सरस ठरतात, तर पुनःपुन्हा मिळणाऱ्या उत्पादनात सुबाभूळ. गृहिणीला दोहोंची गरज असते. चूल पेटवण्यास तुराट्या, पऱ्हाट्या वा हलके लाकूड आणि आच धरून ठेवण्यास बाभळीचे ओंडके, अशी विभागणी ती अनुभवाने करते. वनीकरणाच्या नियोजनात वाढीचा वेग व रोपांची संख्या मोजली गेली. ही विभागणी मात्र दुर्लक्षित राहिली. गायरानावर विक्रीयोग्य खोडांची एकाच जातीची लागवड झाली, की भूमिहीन कुटुंबाला वाळक्या काटक्याही दुर्मीळ होतात. साहजिकच सरपणासाठीची पायपीट वाढते.

निष्कर्ष :
१. सरपणाचे मूल्यमापन उष्मांकाऐवजी घनता, ओलावा, फुटवा व इतर उपयोग यांच्या एकत्रित निकषांवर व्हावे.
२. बांधावर बाभूळ व घराजवळ छाटणीस योग्य सुबाभूळ अशी मिश्र लागवड उपयुक्त ठरेल. सुबाभळीचे बी पसरू नये म्हणून शेंगा धरण्यापूर्वी छाटणी आवश्यक आहे.
३. कोणतेही लाकूड चिरून पावसाळ्यापूर्वी वाळवून ठेवल्यास लाकडाची बचत होते व धूर घटतो.
४. प्रजाती ठरवताना ग्रामसभेत सरपण वाहणाऱ्या स्त्रियांचे मत प्रथम घेतले जावे. कारण लाकडाची पारख आणि त्याचे ओझे या दोन्ही गोष्टी त्यांच्याच वाट्याला आलेल्या आहेत.